लाल फडक्यातली मुळं

मी झाडांची डॉक्टर. गेल्या वर्षी देवळामागच्या वडाची पूर्वेकडची मुळं मी उभं राहून कापून घेतली होती. तपकिरी बुरशी तेवढ्याच भागात होती. ती पलीकडच्या निरोगी मुळांत जाऊ नये म्हणून मधे मीटरभर खोल चर खणला, त्यात जाड प्लास्टिक उभं केलं आणि देवळाची देखरेख करणाऱ्या थियामसू काकांना बजावलं, की कापलेला एकही तुकडा मातीत राहता कामा नये, सगळं जाळायचं.

"देवाचे हातपाय जाळू?" ते म्हणाले होते.

"बुरशीचे हातपाय समजा, काका."

या वर्षी पश्चिमेकडची पानंही पिवळी पडून गळू लागली. आज सकाळी मी तिथं खणलं. हातभर खाली फावड्याला लाल फडकं लागलं. आत करवतीने कापलेली सात मुळं होती, नीट गाठ मारून बांधलेली. सोबत उदबत्तीच्या काड्या. सालीवर वाळू चिकटलेला तपकिरी थर. जिवंत मुळं जिथं जिथं त्या गाठोड्याला टेकली होती, तिथूनच सडत गेली होती.

मी दोन वर्षांची असताना माझा ताप हटेना, तेव्हा आईने मला या वडाच्या ओटीत घातलं; तेव्हापासून तो माझा मानलेला बाप. सोळाव्या वर्षापर्यंत दर वर्षी आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला काका माझ्या गळ्यातला लाल दोरा बदलत. गाठोड्याची गाठ त्यांचीच होती. दोन फेरे आणि टोक आत.

गाठोडं मी नमुन्यांच्या पिशवीत तळाशी घातलं आणि चेन ओढली.

बुंध्याला लावलेल्या माझ्या यंत्राकडे बघत काका चहाची किटली घेऊन आले. "काय डॉक्टरीणबाई, लागली का बापाची नाडी? की तुझं यंत्रच आजारी?"

"काका, पाडावं लागेल. वादळं सुरू व्हायच्या आत. खाली शाळेचा रस्ता आहे."

त्यांनी किटली जमिनीवर ठेवली. वर फांद्यांकडे पाहिलं.

"त्या बाजूला तर बरा होता. चुकलं कुठं?"

"माझा चर उथळ पडला."

"तुझा?"

"हो."

"पाढे म्हणतानाही सातावर अडायचीस तू." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. बाप पोरीवर रागावत नाही. चहा घे."

मी चहा घेतला. अहवालात काय लिहायचं ते मनात जुळवू लागले. चराची खोली अपुरी. एवढं एक वाक्य पुरलं असतं.

मग ते आत जाऊन तेलाचा एक डबा घेऊन आले. डब्यात रोप होतं, चार पानांचं. "शेंड्याकडची फांदी लावली होती हिवाळ्यात. बघ, धरलीय."

मी हातमोजे काढून पानं उलटून पाहिली. रोप निरोगी होतं.

"देवळाच्या पुढे लावू याला. आणि पोरी, एक मागतो, नाही म्हणू नकोस. या वेळी जुनी दोन मुळं मला ठेव. फडक्यात बांधून याच्या खाली ठेवतो. आपण कुणाचे, ते लेकराला कळायला हवं ना!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या वेळी पण ठेवली होती. तू ओरडशील म्हणून बोललो नाही. देवाला कुणी जाळतं का?"

रोपाला एक पान नवीन फुटत होतं. अजून गुंडाळलेलं.

मी पिशवीची चेन उघडली. हातमोजा चढवून गाठोडं काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"काका, चर पुरेसा खोल होता."

त्यांनी गाठ ओळखली. हात पुढे केला आणि मधेच थांबवला. गाठोड्याकडे, मग खड्ड्याकडे, मग वडाकडे पाहिलं. ते हात विजारीला पुसू लागले. पुन्हा पुन्हा, तळवे लाल होईपर्यंत.

शेवटी पायानेच त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"तू धर," ते म्हणाले. "माझ्या हाताला इथली माती आहे."