घेवड्याच्या पानाचं कण्हणं

आमच्या विभागात मला माझ्या पाठीमागे 'प्रस्तावना सर' म्हणतात. कोणी विचारलं, किल्ली कुठे आहे, तर कुलुपाचा शोध कसा लागला इथून सुरुवात करणारा माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात दोष कॅमेऱ्याचा होता असा कुणाचा समज होणार नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि तळमजल्यावरच्या चित्रण-खोलीचा प्रमुख आहे. या खोलीत माझ्या हाताखाली एकच माणूस काम करतो, आणि तोही मीच. गेल्या वर्षी तिथे नवा कॅमेरा आला. दिसायला विटेएवढा काळा ठोकळा, पुढे भिंग, मागे दोन केबली. पण तो आतून उणे ऐंशी अंशांपर्यंत थंड होतो, आणि आपल्या डोळ्यांना जिथे मिट्ट काळोख दिसतो तिथला उजेडही थेंबाथेंबाने मोजतो.

तो बसवायला आलेला इंजिनिअर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि वीसपट कमी बोलणारा होता.

"सर, कुठलाही कॅमेरा अंधारात स्वतःशीच थोडं बडबडतो," तो म्हणाला. "उजेड नसला तरी आहे म्हणून सांगतो. त्याला आम्ही नॉइज म्हणतो. हा फारच कमी बडबडतो. म्हणजे हा उजेड आहे म्हणाला, तर तो बहुतेक खरंच असेल. पण कशाचा आहे, ते तुम्हालाच बघावं लागेल."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही, कारण तोवर मी बोलायला लागलो होतो. जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं, की दर वेळी एक रिकामा फोटो काढायचा, नमुना सोडून बाकी सगळं तसंच ठेवून. मी हसलो. म्हटलं, बाबा रे, हे मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवतोय. आणि खरंच शिकवत होतो.

माझ्या डोक्यात एक जुना किडा होता. पानाला इजा झाली की त्यातून अगदी क्षीण उजेड निघतो, असं बऱ्याच जणांनी मोजून लिहिलेलं आहे. मला तो उजेड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता, चित्रात. म्हणून मी घेवडा लावला. घेवड्याचं पान रुंद, गुळगुळीत कडेचं आणि स्वभावाने गरीब असतं.

तयारी मात्र अशी केली की कुणीही वाखाणावी. कॅमेऱ्याची पेटी आतून काळी केली. खोलीतला प्रत्येक मिणमिणता दिवा हुडकून त्यावर काळा कागद डकवला. संगणक बाहेरच्या खोलीत हलवला. आत जाताना घड्याळ, फोन, चष्म्याची साखळीसुद्धा काढून ठेवायचो. पानंही उजेडातून अंधारात नेली की थोडा वेळ मंद चमकतात, म्हणून कुंडी आधी तासभर अंधारात ठेवायचो आणि अगदी मंद हिरव्या दिव्यात काम करायचो.

पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. पान कापलं की कापलेला भाग वर वळायचा आणि चित्र धूसर यायचं. ते दाबून धरायला काहीतरी हवं होतं. बाहेरच्या खोलीत प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यात मलमपट्टीची पांढरी कागदी चिकटपट्टी होती. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आल्या आल्या तिचे दोन तुकडे फाडून खिडकीच्या काचेवर चिकटवून ठेवायला लागलो, हाताशी असावेत म्हणून. खिडकीत छान ऊन यायचं. मग तुकडे आत न्यायचे, पान कापायचं, वळलेला भाग पट्टीने सपाट करायचा, पेटी बंद करायची आणि बाहेर येऊन पाच मिनिटं वाट बघायची.

आणि पडद्यावर उजेड आला.

कापलेल्या जागेवर, तिथेच, लख्ख. पाच मिनिटांनी थोडा कमी, दहा मिनिटांनी आणखी कमी, अर्ध्या तासाने नाहीसा. अकरा पानं कापली आणि अकराही चमकली. न कापलेली अकरा ठेवली, त्यांत एकही चमकलं नाही. न कापलेलं पान वळत नाही, त्याला पट्टी लागत नाही, म्हणून ती लावलीच नव्हती. रिकामा फोटोही काढला. रिकामा म्हणजे रिकामा, पान नाही आणि पट्टीही नाही. तो काळा कुळकुळीत आला. माझ्या शिस्तीचं मलाच कौतुक वाटलं.

मी विभागप्रमुख मॅडमकडे गेलो. चाळीस मिनिटं उजेडाच्या इतिहासावर बोललो आणि मग चित्र दाखवलं. मॅडम प्राणिशास्त्राच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुलनेसाठी कंट्रोल घेतलेत ना?"

"मॅडम, हे मी सव्वीस वर्षं शिकवतोय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि परिषदेला माझं नाव पाठवलं.

विभागातल्या व्याख्यानात मला एक शब्द सुचला आणि तोच नंतर नडला. मी म्हणालो, हे पानाचं कण्हणं आहे. ते आधी जोरात कण्हतं, मग शांत होतं. उजेडाची एक कड करवतीसारखी दातेरी होती. मी सांगितलं, वेदनेचा निरोप एका शिरेतून दुसऱ्या शिरेत उड्या मारत जातो, त्याच्या या पाऊलखुणा. संस्थेच्या मासिकात माझा फोटो छापून आला, कॅमेऱ्यावर हात ठेवलेला, चेहऱ्यावर डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना बातमी सांगताना करतात तसला गंभीर भाव.

घरी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भाजी चिरली जात असताना सुस्कारे टाकू लागलो. बायकोने तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी माझ्या हातात सुरी दिली आणि म्हणाली, "अहो, मग तुम्हीच चिरा. आणि सांत्वनही तुम्हीच करा."

त्याच आठवड्यात ताई आली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होती, शेवटची दहा वर्षं मुख्य. डोळे तपासून घ्यायला चार दिवस राहायला आली होती. संध्याकाळी तिला आणि बायकोला टीव्हीवर मालिका बघायची होती. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला.

"थोडंच दाखवतो," मी म्हणालो. बायको उठून चहा टाकायला गेली. थोडंच म्हणजे किती, ते तिला माहीत होतं.

ताई मात्र बसली. लहानपणापासून माझं सगळं ऐकून घेण्याची तिला सवय आहे. वीसेक मिनिटांनी मी चित्राशी पोचलो. टीव्हीवर ते हातभर मोठं दिसत होतं. ताईने चष्मा वर सारला, पुढे वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, गहिवरली.

"अरे, ही तर पट्टी आहे," ती म्हणाली.

"पट्टी? हो, लावलीये ना. पान धरून ठेवायला. पण ती इथे दिसत नाही, काळोखात—"

"मला दिसतेय. अर्ध्या इंचाची कागदी पट्टी. ह्या दोन कडा बघ, फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. आणि हे टोक दातेरी. पट्टीच्या डब्याच्या दातांवर फाडली की असंच होतं. आयुष्यभर फाडल्या मी. पानाला कुठे सरळ कड असते रे?"

मी शिरा, निरोप, पाऊलखुणा हे सगळं पुन्हा सांगितलं. ताईने पूर्ण ऐकलं.

"असेल," ती म्हणाली. "पण मग पान न ठेवता नुसती पट्टी ठेवून बघितलंस का?"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याकडे उत्तर नसल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग, त्यामुळे तीही चहा द्यायची विसरली.

त्या रात्री मी छान झोपलो, असं सकाळी दोघींना सांगितलं. ताई म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. दवाखान्यात दुपारी जायचंय."

खरं तर तिने येऊ नये असं मला वाटत होतं. पण ती आल्यामुळे मला पळवाट राहिली नाही. एकटा असतो तर मी पट्टी उन्हात न ठेवता लावली असती आणि चमकली नाही म्हणून खूष झालो असतो. मला मी चांगला ओळखतो. ताई बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसली आणि म्हणाली, "रोज करतोस तसंच सगळं कर." मी रोजच्यासारखेच दोन तुकडे फाडले, खिडकीच्या काचेवर उन्हात लावले, कुंडी नसतानाही तासभर थांबलो. मग तुकडे आत नेले, पेटीतल्या रिकाम्या काळ्या पत्र्यावर चिकटवले, पेटी बंद केली आणि बाहेर येऊन पाच मिनिटं मोजू लागलो.



पडद्यावर चित्र उमटलं. दोन पट्ट्या, सरळ कडा, दातेरी टोक. पान नसतानाही पान जोरजोरात कण्हत होतं. दहा मिनिटांनी कमी झालं, अर्ध्या तासाने शांत झालं, अगदी माझ्या व्याख्यानात सांगितलं होतं तसं.

"उन्हात बसून उजेड पिते ती," मी म्हणालो. "पानांसारखीच. पानांना मी तासभर अंधारात ठेवलं. हिला नाही."

"कॅमेरा चांगला आहे रे तुझा," ताई म्हणाली. तिला माझी समजूत घालायची होती. मला मात्र ते खरंच वाटलं. त्या बिचाऱ्याने पहिल्या दिवसापासून एकही थाप मारली नव्हती. माझ्या खोलीत कोणी थापा मारल्याच असतील तर तो कोण, हे सांगायला उणे ऐंशी अंशांची गरज नव्हती.

ताईला दवाखान्यात सोडून मी मॅडमकडे गेलो. खुर्चीत बसलो आणि सुरुवात केली, "मॅडम, पदार्थांनी उजेड साठवून ठेवणं ही गोष्ट मुळात—"

"प्रस्तावना नको," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं की ते नाव त्यांनाही माहीत आहे. मी एका वाक्यात सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे चोळले आणि विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या बहिणीच्या. ती नर्स होती."

"परिषदेतलं व्याख्यान रद्द करू का?" मीच पुढे विचारलं.

"कशाला? जा आणि हेच सांगा. बहिणीचं नावही घ्या."

परिषदेपर्यंतचे तीन आठवडे मी फार वाईट काढले. मासिकाला दुरुस्ती पाठवली, ती त्यांनी शेवटच्या पानावर शोकसंदेशांच्या शेजारी छापली. जिन्यात एक सहकारी भेटला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, "आता कसं वाटतंय पानाला?" मी पट्टीऐवजी काचेच्या छोट्या कड्या वापरून सगळं पुन्हा सुरू केलं. कड्या कुंडीबरोबरच तासभर अंधारात. रिकामा फोटो कड्यांसकट. आता पडद्यावर पाच मिनिटांत काहीच येत नाही. तीन तास उजेड गोळा केला की कापलेल्या कडेशी आकडे किंचित वाढल्यासारखे वाटतात. चित्र म्हणावं असं काही त्यात नाही.

परिषद दुसऱ्या शहरात होती. माझं व्याख्यान नऊ मिनिटांत संपलं, वेळ पंचवीस मिनिटांची होती. आधी चमकणारं पान दाखवलं, लोक माना डोलवू लागले. मग पान नसलेलं चित्र दाखवलं. मागच्या रांगेतून हसू आलं आणि पुढेपर्यंत पसरलं. मीही हसलो, जरा उशिरा. मग काचेच्या कड्यांचे आकडे सांगितले. यावरून काहीच म्हणता येत नाही, असं म्हणून मी खाली बसलो.

चहाच्या वेळी एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक कप घेऊन माझ्याजवळ आले. पानांच्या उजेडावरचे त्यांचे लेख मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पट्टी कागदी होती म्हणालात ना तुम्ही?"

"हो."

"कापडी पट्टीचं काय होतं, बघितलंत?"

"नाही बघितलं."

ते काही वेळ चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली असणार.

"आम्ही कापडी वापरतो," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

मी त्यांना बाजूला बसायला खुर्ची ओढून दिली. मग त्यांची सगळी हकिकत, पहिल्या दिवसापासून, मध्ये एक शब्दही न बोलता ऐकली.