गाडीखालचा डाग

आमच्या हर्षदनं रविवारची मुदत दिली होती. काचीगुड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या मोटरसायकलखाली पुन्हा तेलाचा डाग दिसला, की गाडी विकायची. "बाबा, इंजिन गेलं तिचं. रस्त्यात जाम झालं तर?" म्हणे! बापाला अक्कल शिकवतोय. गाडी गेली की विद्यानगरला दोस्ताकडे जायलाही पोराची मिनतवारी करायची. नक्को रे बाबा!

रविवारी सकाळी डाग होताच. मी मुकाट्यानं डिझेलच्या फडक्यानं इंजिन लख्ख पुसलं, कोरडं केलं आणि त्यावर सत्यवतीची पावडर भुरभुरली.

"अहो, माझी पावडर! नटवून लग्नाला नेताय का तिला?" बायको कडाडली.

"थांब गं. पावडर जिथं ओली होईल, तिथनं तेल गळतंय."

गाडी चालू ठेवून दोघं बघत बसलो. इंजिनाच्या वरच्या हेडचा जोड कोरडा. खालचा बोल्टही कोरडा. पहिला डाग पडला तेव्हा तिथनंच गळत होतं, म्हणून तो बोल्ट मी तेव्हाच आवळला होता. मग इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी पावडर काळी पडली. तिथनं तेल येतं ते बहुधा आत जास्त झालं की! गाडी बंद केली, जरा थांबून मापाची काडी काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर.

"असं कसं? मी तर दर शनिवारी थोडंसंच टाकतो."

जिन्यात हर्षद उभा होता, तोंड पाडून. "बाबा, मीपण टाकतो. तुम्ही पूजेला बसलात की."

"तू? तुला तर विकायचीय ना?"

"तेल संपून इंजिन जाम झालं, तर पडाल तुम्ही."

मी भडकणार होतो, पण हातातली काडी पुसत बसलो. इतके दिवस याला मी गाडीचा वैरी समजत होतो.

"अति तिथं माती," सत्यवती हसली. "बापलेकांनी मिळून बुडवली बिचारीला!"

खुणेपर्यंत तेल काढलं, नळी पुसली, गाडी पुन्हा चालू केली. हर्षद स्वतः वाकून बघत राहिला. नळी कोरडीच राहिली. विकायचं नाव त्यानं काढलं नाही.

तेलाचा डबा मी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता. तो त्याच्यापुढे धरला.

"आजपासून तेल तू बघायचं. गाडी मी चालवणार."

"हौ," तो म्हणाला, डबा ठेवून आला आणि गाडीवर माझ्या मागं बसला.