पाचव्या प्रतीचा हात

माईंचा लॅपटॉप वर्षात तिसऱ्यांदा आडवा झाला, तेव्हा कंपनीनेच हात टेकले.

सोमवारी सकाळी मेसेज आला. सून चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्याच वाचायला लागली. दोनदा की-बोर्ड बदलूनही तक्रार कायम आहे, तेव्हा वॉरंटीत त्याच्या जागी नवं मॉडेल देऊ. ते नको असेल, तर जुनाच पुन्हा एकदा दुरुस्त करून देऊ, पण वॉरंटी या महिन्याअखेर संपते, पुढची जबाबदारी आमची नाही. शुक्रवारपर्यंत सर्व्हिस सेंटरमध्ये येऊन काय ते सांगा.

"आई, लॉटरी लागली तुम्हाला!" सून म्हणाली. "जुना द्या, नवा घ्या. आणखी काय पाहिजे?"

"पुढे वाच," माई म्हणाल्या. त्यांनी तो मेसेज आधीच दोनदा वाचला होता.

"पुढे काही नाही. नवा घेताना एक कागद सही करून द्यायचा. यंत्राचं नुकसान वापरणाऱ्याच्या चुकीमुळे झालेलं नाही, वगैरे. नेहमीचंच असतं हे."

माईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. त्यांना हे नेहमीचंच वाटत नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या टायपिंग विभागात काढली होती. लोकांनी शपथेवर काय काय लिहून दिलं आणि पुढे ते कसं अंगाशी आलं, ते सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं होतं. आणि इथे तर नुकसान कोणी केलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनीच केलं होतं.

त्याचं असं झालं होतं. माई एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागल्या, तेव्हा विभागात 'मोठ्या बाई' होत्या. उंचीने जेमतेम खुर्चीएवढ्या, पण अख्खा विभाग त्यांना टरकून असायचा. प्रत्येक कागदाच्या पाच प्रती निघायच्या. वर कोरा कागद, खाली कार्बन, मग कागद, मग कार्बन, असा जाडजूड थर यंत्रात घालायचा आणि टाइप करायचं. संध्याकाळी मोठ्या बाई प्रत्येकीची पाचवी प्रत उचलायच्या आणि खिडकीच्या उजेडात धरायच्या. एखादा पूर्णविराम पुसट दिसला, की म्हणायच्या, "पहिली प्रत साहेबाला मिळते. पाचवी गरिबाला मिळते. त्याला काय डोळे नाहीत?" आणि पान फाडून हातात द्यायच्या. माईंनी पहिल्या महिन्यात एकच पान नऊ वेळा टाइप केलं होतं. बोटांची टोकं सुजली, रात्री घास उचलवेना. पण दुसऱ्या महिन्यापासून त्यांची पाचवी प्रत खिडकीत धरायची गरज पडली नाही.

तो हात बसला तो कधी गेलाच नाही. टाइपरायटर गेले, कार्बन गेले, विभाग गेला, मोठ्या बाईही गेल्या. माई निवृत्त झाल्या. आता घरच्या टेबलावर बसून त्या वकीलबाईंचं काम करायच्या. वकीलबाई फोनवर बोलून ठेवायच्या, माई ते ऐकून टाइप करायच्या आणि दुपारपर्यंत पाठवून द्यायच्या. कागद नाही, कार्बन नाही, तरी बोट प्रत्येक बटणावर पडायचं ते पाचव्या प्रतीपर्यंत पोचायचं म्हणूनच. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई त्यांना 'खटखट माई' म्हणायच्या. दहा वाजले की खालून आवाज सुरू होतो आणि मी कुकर लावते, असं सगळ्यांना सांगायच्या.

बिचाऱ्या लॅपटॉपने किती सोसावं? आधी एक बटण निघालं, मग चार, मग अख्खी रांग.

"मग जुनाच दुरुस्त करून घेऊ," सून म्हणाली. "सही नको, काही नको."

"तो पुन्हा मोडेल. वॉरंटी संपली की मग काय करू?"

"मग नवा घ्या."

"नव्याची बटणं बघितलीस? शेजारच्या मुलीकडे आहे तसला. बटणं कुठली, नुसती टिकल्या चिकटवल्यासारखी. त्यांच्यावर माझा हात चालेल का?"

"अहो, हे नको, तेही नको! नवा की-बोर्ड आणताय की सवत?"

माई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. खरी भीती वेगळीच होती आणि ती त्यांनी सुनेला सांगितली नव्हती. गेले दहा दिवस यंत्र दुरुस्तीला पडलं होतं आणि वकीलबाई फोनलाच बोलून लिहायला लावत होत्या. फोन सगळं एका दमात लिहितो, पूर्णविराम ना परिच्छेद, निस्तरता निस्तरता जीव जातो, असं त्या म्हणाल्या होत्या. मग जरा थांबून हेही म्हणाल्या होत्या, "माई, शुक्रवारपर्यंत कळवाल ना? नाहीतर मला दुसरी कोणी बघायला हवी. तुमच्यावर राग नाही हं."

राग नव्हता, हे माईंना कळत होतं. पण ते काम गेलं, की सकाळी दहा वाजता करायचं काय? त्र्याहत्तराव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. त्यांच्या रांगेत त्यांना अजून बसायचं नव्हतं.

होता होता शुक्रवार उजाडला. सुनेने अर्धा दिवस रजा टाकली आणि दोघी सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्या. लांबलचक काउंटर, भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी आणि चेहरे दवाखान्यात बसल्यासारखे. माईंचा नंबर लागला. काउंटरमागचा दुरुस्तीवाला चाळिशीचा होता. कपाळावर भिंग चढवलेलं, नजर मात्र थकलेली. त्याने नवा लॅपटॉप पुढे ठेवला, त्याच्यावर कागद ठेवला आणि पेन दिलं.

"इथे सही करा, मावशी."

माईंनी पेन घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"मला ही सही करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझीच आहे. मी बटणं फार जोरात मारते. जुनी सवय आहे. तुमच्या कंपनीला फसवायचं नाही मला."

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. "आई! कोणी विचारलं होतं का?"

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचं भिंग आणखी वर ढकललं. "किती जोरात?"

"म्हणजे?"

"दाखवा की." त्याने काउंटरवरचा एक चालू लॅपटॉप माईंकडे वळवला. "यावर मारा. हा कुणाचा नाही, नुसता दाखवायला ठेवलाय."

माई बसल्या. बोटं ठेवली आणि रोज पहिल्यांदा टाइप करायच्या तीच ओळ टाइप केली: मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. खुर्च्यांवरचे सगळे वळून बघायला लागले. एका माणसाने कानातले हेडफोन काढले.

"बाप रे," दुरुस्तीवाला म्हणाला. "सुतारकाम ऐकतोय असं वाटलं." मग तो आत गेला आणि माईंचा जुना लॅपटॉप घेऊन आला. त्याची पाठ आधीच उघडलेली होती. त्याने चिमट्याने काहीतरी उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलं. नखाच्या कातरणाएवढा, हुकासारखा प्लॅस्टिकचा आकडा.

"हे बघा. प्रत्येक बटणाखाली असे दोन असतात. या मॉडेलचे आकडेच कच्चे निघालेत. हात लावला तरी तुटतात. या महिन्यात माझ्याकडेच अकरा आले. त्यातले एक गृहस्थ तर एका बोटाने टाइप करतात, तेही मधे मधे विचार करत."

माईंना वाटलं, हा आपलं मन राखतोय. म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलतोय.

"हे लेखी आहे का?" त्यांनी विचारलं.

"घ्या!" सून म्हणाली. "आता साक्षीदारही बोलवा."

पण दुरुस्तीवाल्याला राग आला नाही. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. कंपनीचं पत्रक होतं, सगळ्या सर्व्हिस सेंटरांना पाठवलेलं. माईंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मॉडेलचा क्रमांक आपल्या पावतीशी ताडून पाहिला. आकड्यांत उत्पादनातला दोष, ग्राहकाकडे बोट दाखवू नये, तिसऱ्या तक्रारीला नवं यंत्र द्यावं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

"दुसऱ्या परिच्छेदात एक पूर्णविराम राहिलाय," त्या म्हणाल्या. आणि चार दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसा त्यांनी श्वास सोडला.

आता राहिला प्रश्न हाताचा. त्यांनी नवा लॅपटॉप जवळ ओढला. टिकल्याच त्या. तीच ओळ टाइप केली. बोटं तळाला धडकली, एकेक अक्षर दोनदोनदा उमटलं, मधलं एक गळलंच. पुन्हा केली, पुन्हा तेच. मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी खोकलं. माईंचे कान गरम झाले.

"जुनाच द्या मला," त्या हळूच म्हणाल्या. "जेवढे दिवस चालेल तेवढे चालेल."

सून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. लग्न होऊन आल्यापासून तिने मोठ्या बाईंची गोष्ट शंभरदा ऐकली होती, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, नको असताना.

"आई," ती म्हणाली, "आत कार्बन नाहीये. एकच प्रत काढायचीये. तुमच्या त्या मोठ्या बाई एकच प्रत कशी काढायला सांगायच्या?"

माई थांबल्या. एक प्रत? एक प्रत कधी असायची बरं? आणि त्यांना पाकिटं आठवली. पाकिटावरचे पत्ते! पातळ, पिवळट पाकिटं, जरा जोर लागला की अक्षराच्या जागी भोक. माईंनी पहिल्या दिवशी सात पाकिटं भोसकली होती. तेव्हा मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांचं मनगट दोन बोटांनी वर उचलून म्हणाल्या होत्या, "अगं, झोपलेल्या पोराच्या अंगावरची माशी उडवतेस असं समज. माशी उडाली पाहिजे, पोर उठता कामा नये." मोठ्या बाई एवढं मऊ बोलल्याचं माईंना तेवढंच एकदा आठवत होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं रोज शेवटचा अर्धा तास माई पाकिटं करायच्या. पाकिटाचा हात वेगळा होता आणि तोही त्यांचाच होता. फक्त कित्येक वर्षांत कुणी मागितला नव्हता.

त्यांनी मनगटं उचलली. मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. एकही चूक नाही. पुढची ओळ. मग त्यापुढची. आवाज जवळजवळ नव्हताच.

"झालं?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"पेन द्या," माई म्हणाल्या. आणि सही केली, ठळक, नावाखाली रेघ ओढून.

बाहेर आल्यावर त्यांनी वकीलबाईंना फोन लावला. पलीकडून आधी नुसता "हुश्श" ऐकू आला, मग वकीलबाई म्हणाल्या, "अकरा पानं साचलीयेत हो माई, सकाळीच पाठवते."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता माई टेबलाशी बसल्या. पाच पानं झाली, सात झाली, आठ झाली. तेवढ्यात दाराची बेल धडाधडा वाजली. दारात वरच्या शेजारीणबाई, हातात कुकरची शिट्टी, चेहरा पांढराफटक.

"माई, बऱ्या आहात ना? साडेअकरा झाले, खालून आवाज नाही! माझा कुकर लावायचा राहिला आणि काळजाचं पाणी झालं."

माई इतक्या हसल्या, की त्यांना दाराला धरावं लागलं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "आहे मी. पण बोलायचं नाही हं. तीन पानं राहिलीयेत."