प्रत्येक होडीत एक जास्त

माझी धाकटी बहीण सुचिता पनवेलच्या एका कंपनीसाठी घरी बसून वेबसाइट बनवते. जगात जे काही बिघडलंय ते दोन रकाने आणि एक बटण टाकलं की सुधारतं, अशी तिची ठाम समजूत. तिने आमच्या मच्छीमार सोसायटीला फुकटात एक अ‍ॅप करून दिलं, आणि ते रोज बघायचं काम माझ्या बोकांडी बसवलं.

काम सांगायला सोपं. होडी निघताना होडीवाल्याने 'गेले' मध्ये माणसांचा आकडा टाकायचा, परतल्यावर 'आले' मध्ये. अ‍ॅप वजाबाकी करणार. काही उरलं नाही तर होडीच्या नावापुढे हिरवा ठिपका, उरलं तर लाल. संध्याकाळी लाल दिसला की मी फोनाफोनी करायची. मागे शेजारच्या गावातली एक होडी वाऱ्यात अडकली आणि उजाडेपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिल्याच दिवशी लोकांनी मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले, आणि अ‍ॅपने प्रत्येकापुढे इंग्रजीत 'हा आकडाच नव्हे' असं लिहून दाखवलं. केसरकाकी भडकली. "आमचा पाच आकडा न्हाय, तर काय भोपळा हाय?" सुचिता म्हणाली, "गणित मी नाही करत, काकी. भाषेतच 'नंबर' म्हणून एक तयार प्रकार येतो, तो करतो. त्याला मराठी आकडे कळत नाहीत." मी म्हटलं, मग शिकव त्याला, गाव तर काय इंग्रजी शिकणार नाही. धुसफुसत तिने तेही केलं.

पण खरी डोकेदुखी पुढेच होती. रोज संध्याकाळी सगळ्या होड्या धक्क्याला लागलेल्या, माणसं घरी चहा ढोसतायत, आणि अ‍ॅपवर सगळीकडे लाल. प्रत्येक होडीत एक माणूस दर्यावर बाकी! मी येड्यासारखा दारोदार हिंडलो. सगळे जागच्या जागी. लोक मलाच विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना?

"नंबर चुकत नाही रे दादा!" सुचिता कपाळ बडवत म्हणाली. "पाचातून चार गेले की एकच उरणार!"

उलगडा झाला तो आमच्याच घरात. आमचे बाबा, विठोबा, छोट्या होडीने एकटेच जातात. त्यांच्या 'गेले' मध्ये दोन लिहिलेलं.

"दुसरं कोण?" सुचिताने विचारलं.

"एकवीरा," बाबा म्हणाले.

आमच्या आळीत दर्यावर जाताना नुसती माणसं मोजत नाहीत. एक तिचा धरतात. हे मला लहानपणापासून माहीत, पण अ‍ॅप बघताना डोक्यात आलं असेल तर शपथ!

"मग परत येताना कुठे जाते ती?" सुचिता किंचाळली.

"ती कशाला येईल? ती पाण्यावरच थांबते, मागं राहिलेल्यांसाठी."

घ्या! आता हे कुठल्या नंबरला शिकवणार? "बाबा, फक्त माणसं मोजा. माणसं!" असं ती ओरडली. बाबा म्हणाले, "तुझ्या नंबराला सांग, एक सोडून दे." झालं, बापलेकीचा अबोला. एकाच घरात निरोप्यासारखा मी फिरतोय, 'तिला सांग मीठ दे', 'त्यांना सांग समोरच आहे.' शेवटी दातओठ खात सुचिताने अ‍ॅपमध्ये एक ओळ घातली. प्रत्येक होडीच्या वजाबाकीतून आणखी एक वजा. मला म्हणाली, "कोणाला सांगू नकोस, नाहीतर उद्या खंडोबालाही बसवतील." मी नाही सांगितलं. बाबांनाही नाही. ठिपके हिरवे झाले, अबोला मात्र तसाच राहिला.

गेल्या शुक्रवारी दुपारनंतर वारा फिरला. होड्या पटापट परतल्या. मी अ‍ॅप उघडलं, सगळं हिरवंगार. सोसायटीला कुलूप लावून घरी आलो. आय भाकऱ्या थापत होती.

"सगळी आली?"

"आली."

"मग तुझा बाप कुठं हाय?"

"येतील गो. जाळी धूत असतील."

"होडी न्हाय धक्क्याला," आय म्हणाली. "मी आत्ताच तिथली वाळत घातलेली सुकट काढून आले."

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. विठोबा, हिरवा ठिपका. सुचिताने तो माझ्या हातातून हिसकावला आणि बाबांच्या नावावर टिचकी मारली. गेले, एक. आले, रिकामं. एकातून काही गेलं नाही म्हणजे एकच. त्यातून हिने घातलेला एक वजा, म्हणजे शून्य. सकाळी धक्का सोडल्यापासून ठिपका हिरवाच होता. नंबरने कसलीही चूक केली नव्हती.

"आजच एक का लिहिलं?" ती मला विचारत होती. जसं काही मला ठाऊक! बाबांचा फोन लागत नव्हता.

आम्ही धावत धक्क्यावर गेलो. चुलतभाऊ रितेशने त्याच्या होडीचं मशीन चालू केलं, मी उडी मारून चढलो. सुचिता धक्क्यावर उभी राहून मोबाईलवर बोटं मारत होती. माझं डोकं फिरलं. "चुलीत घाल गो ते अ‍ॅप आता!" म्हणून मी ओरडलो आणि वाकून बघितलं. रितेशच्या होडीपुढे तिने लिहिलं होतं, गेले तीन. होडीत आम्ही दोघेच होतो. मी दोर सोडला.

बाबा खडकांच्या अलीकडे सापडले. पंख्यात दोर गुंतून मशीन बंद पडलेलं, नांगर धरत नव्हता, होडी लाटेगणिक खडकाकडे सरकत होती. ते डब्याने पाणी उपसत होते. उजेड अजून होता म्हणून दिसले. मी त्यांना आमच्यात ओढून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोललो.

धक्क्याजवळ येताच सुचिता गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने दोन्ही मुठींनी त्यांचा सदरा धरला. "रोज दोन लिहिता ना? मग आजच एक का? आजच का, बाबा?"

बाबा कुडकुडत होते. "तूच ना गो बोललीस, फक्त माणसं मोजा म्हणून. किती दिवस झाले, बोलत न्हायस माझ्याशी. म्हटलं, ऐकावं पोरीचं एकदा." त्यांनी मागे पाण्याकडे बघितलं. "निघताना सांगितलं तिला, आज तू नको येऊस. पोरगी रागावते."

सुचिता त्यांच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. दोघांच्याही एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली मला. मी माझा शर्ट काढून बाबांच्या अंगावर टाकला.