पळून जाण्याचा सीन

सिरीयलवाल्यांना नाशिकरोडचं सुलाबाईंचं घर आवडलं, पण ते पुरेसं गरीब वाटेना. मग दोन दिवस खपून त्यांनी ते गरीब केलं. त्यांच्या लेकीनं, संजनानं, हट्टानं निवडलेल्या भिंतींच्या पोपटी रंगावर काजळी फासली, फ्रीजवर गोधडी टाकली, धड नळाला चिंधी बांधली. बाबासाहेबांच्या फोटोला मात्र हात लावायचा नाही, असं सुलाबाईंनी दारातच बजावलं होतं.

सिरीयल घरातून पळालेल्या पोरापोरींची. पोरांनी उपाशी फिरायचं, चोऱ्या करायच्या, मार खायचा, आणि लोकांनी ताटावर बसून हसायचं. दिग्दर्शक याला काळा विनोद म्हणत होता. सुलाबाईंना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांची संजना बारावी नापास झाली त्याच दिवशी घर सोडून गेली, त्याला दहा महिने झाले होते. मध्ये एकदा अनोळखी नंबरवरून 'मी बरी आहे' एवढा मेसेज आला, मग तो नंबरही बंद. इगतपुरीपासून मनमाडपर्यंतची स्टेशनं पालथी घालून झाली होती. पण टीव्ही काय, कुठंही लागतो. पोरगी असेल तिथं तिला आपलं घर दिसेल, या एका आशेवर बाईंनी घर दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी आईचं काम करणारी नटी आलीच नाही.

"मावशी, तुम्हीच करा," दिग्दर्शक म्हणाला. "एकच वाक्य आहे. मुलगी दारात उभी, तिच्यावर ओरडायचं. चालती हो, परत या घरात पाय ठेवू नकोस!"

निकालाच्या दिवशी, याच दारात, सुलाबाईंनी हेच म्हटलं होतं, शब्दाला शब्द. रागात आयांना दुसरं सुचतं तरी काय! पण समोर कॅमेरा होता. त्या उभ्या राहिल्या.

"अ‍ॅक्शन!"

"संजना, आत ये. जेवून घे."

"कट! मुलीचं नाव स्वीटी आहे, मावशी. आणि कॅमेऱ्यात बघू नका."

दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "स्वीटी, आत ये. जेवून घे." तिसऱ्यांदा, "नापास तर नापास. आत ये गं." सातव्या वेळी दिग्दर्शकानं डोकं धरलं.

"अहो, आईच असं म्हणाली तर मुलगी पळेल कशाला? आणि ती पळालीच नाही, तर माझी सिरीयल कशी होणार?"

सगळे हसले. सुलाबाई हसल्या नाहीत. "नाही होणार, साहेब," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला एवढं कळलं असतं, तर!" आणि त्यांना रडूच कोसळलं.

"झकास!" दिग्दर्शक ओरडला. "हाच चेहरा ठेवा. वाक्य नंतर दुसऱ्या बाईच्या आवाजात टाकू. चला, कट."

"कोणतं वाक्य?"

"तेच की. चालती हो."

म्हणजे संजनाला आई पुन्हा दिसणार, आणि पुन्हा तेच ऐकू येणार. सुलाबाईंनी पदरानं डोळे पुसले, पदर खोचला, आणि दाराकडे बोट केलं.

"चालते व्हा! परत या घरात पाय ठेवू नका!"

गल्लीतली कुत्रीसुद्धा दचकली. "अस्सं! अस्संच पाहिजे होतं!" दिग्दर्शक नाचायचाच बाकी होता. "घेतलं का रे?"

"नाही सर. तुम्ही कट म्हणालात ना," कॅमेरामन म्हणाला.

सुलाबाईंनी मात्र ते सीनसाठी म्हटलंच नव्हतं; त्यांनी सगळ्यांना सामानासकट बाहेर काढलं. गाड्या निघून गेल्यावर त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि बादलीभर पाणी घेऊन भिंतीची काजळी घासायला बसल्या. आता टीव्हीचीही आशा संपली होती. पण पोरगी आलीच, तर तिला तिचं घर ओळखू यायला हवं होतं.