हरण्याची हमी

लोकशाहीत कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध सत्तेवर बसवता येत नाही, आणि तिचं सगळं मोठेपण यातच आहे. एप्रिलच्या पहिल्या बुधवारपर्यंत मी हे मनापासून मानत होते. त्या दिवशी डेस्मंड ओडलिंग माझ्या दारात कौन्सिलच्या निवडणुकीचा उमेदवारी अर्ज घेऊन उभा राहिला. माझे हात स्कोन-पावांच्या पिठाने भरलेले होते. मी कोपराने दार उघडलं आणि दोन बोटांत पेन धरून सही केली.

डेस्मंड निवृत्त दंतवैद्य. चर्चच्या गायनवृंदात वीस वर्षं माझ्या मागे उभा राहून बेसूर गातो. आमच्या पक्षात उत्साही म्हणावा असा तो एकटाच. हॅडलथॉर्प वॉर्डात आमचा पक्ष शेवटचा जिंकला तेव्हा मत दिलेल्या एक बाई परवापरवापर्यंत हयात होत्या. त्यांच्या अंत्यविधीला ऑर्गन मीच वाजवला.

"फक्त नाव हवंय गं, फिलिपा," तो म्हणाला. "मतपत्रिकेवर आपला पक्षच नाही म्हणजे लाज जाते. तू काहीएक करायचं नाहीस. दारोदार फिरायचं नाही, भाषण नाही, पत्रकं नाहीत. हरण्याची हमी माझी."

"आणि चुकून निवडून आले तर?"

तो इतका हसला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. "बाई, रेक्स माल्टबी सत्तावीस वर्षं कौन्सिलात बसलाय. त्याच्या खुर्चीवर त्याचा आकार उमटलाय. तिथे दुसरं कोणी बसलं तर घरंगळून खाली पडेल."

अर्ज मागे घेण्याची मुदत शुक्रवारी चार वाजता संपली. शनिवारी सकाळी चहा घेत मी अर्जाची प्रत वाचायला घेतली. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना मी बजावायचे, आधी प्रश्न वाचा, मग उत्तर लिहा. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: मी या कौन्सिलच्या कोणत्याही पगारी नोकरीत नाही, असे जाहीर करते. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी कौन्सिलच्या दहनगृहात ऑर्गन वाजवते. अठरा वर्षं झाली.

मी कप बशीऐवजी अर्जाच्या प्रतीवरच ठेवला. पगार कौन्सिलकडून येतो हे मला अर्थातच ठाऊक होतं. पण त्याला मी कधी नोकरी म्हटलंच नव्हतं. नोकरीत कोणीतरी आपल्याकडे बघत असतं. तिथे मी खांबाच्या आड, सगळ्यांकडे पाठ करून बसते. समोर हाताएवढा आरसा आहे. त्यात मला माणसं दिसतात, माणसांना माझा चेहरा दिसत नाही. माझा नवरा ॲलन गेल्यापासून हातांचं काय करायचं हे मला त्या एकाच बाकावर कळतं.

मी डेस्मंडला फोन केला.

"सोडव मला यातून."

"मुदत काल संपली गं."

"मला कोर्टात उभं करतील. पेपरात फोटो येईल. ज्यांच्या माणसांना मी निरोप दिला ते सगळे वाचतील."

"हे बघ, हरलेल्याचा अर्ज कोणी उघडून बघत नाही. जिंकलीस तर बघतील. आणि तू काही जिंकत नाहीस." ज्या आवाजात त्याने चाळीस वर्षं 'अजिबात दुखणार नाही' असं सांगितलं असेल, त्याच आवाजात तो बोलत होता. मी त्याच्याकडून दोन दाढा काढून घेतल्या आहेत. तो आवाज मी ओळखते.

कौन्सिलला आपणहून कळवावं, तर ऑर्गन गेला. गप्प बसून जिंकावं, तर ऑर्गनही गेला आणि अब्रूही. गप्प बसून हरणं एवढा एकच मार्ग उरला होता. तसं म्हटलं तर तो सोपा होता. आमच्या पक्षाला त्याचा दांडगा सराव होता.

मंगळवारी पोस्टात मी तिकिटं घेत होते, तेव्हा खिडकीमागच्या ग्लेंडा ब्लेड्स पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "माझं मत तुम्हालाच हं."

"का?" मी विचारलं. त्यांनी माझ्यावर चोरीचा आळ घ्यावा अशा सुरात.

"माझ्या आईच्या वेळी किती छान वाजवलंत तुम्ही."

तिथून मी मासळीच्या दुकानात गेले. मासळीवाल्याने मासे कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "आमच्या घरची चारही मतं तुम्हाला. रेक्सची माणसं तीनदा दारात येऊन गेली. तुम्ही एकदाही आला नाहीत. माणसाला शांतपणे जगू देणारा उमेदवार पहिल्यांदाच पाहतोय." वर रेक्सच्या कृपेने कचऱ्याची गाडी आता तीन आठवड्यांतून एकदा येते, याचीही त्याला चीड होती. मासळीवाल्याच्या घरचा कचरा तीन आठवडे, म्हणजे मलाही त्याचं पटलं. पण मत त्याने रेक्सलाच द्यायला हवं होतं.

घरी येऊन मी हिशेब मांडला. अठरा वर्षं, आठवड्याचे दोन दिवस, दिवसाला तीन-चार अंत्यविधी. गेलेल्या माणसाला मत नसतं, पण त्याच्यामागे पहिल्या बाकावर बसलेल्यांना असतं. वॉर्डातली घरं डोळ्यांपुढून जाऊ लागली. मी एकही पत्रक वाटलं नव्हतं, पण अठरा वर्षं माझा प्रचार चालूच होता.

मग मी हरण्यासाठी कष्ट घ्यायला सुरुवात केली. रेक्सच्या कार्यालयात जाऊन त्याच्या प्रचाराची पाटी मागितली आणि माझ्याच बागेत, ट्यूलिपच्या वाफ्यात ठोकली. संध्याकाळी डेस्मंडचा फोन आला.

"हे काय करून बसलीस! अगं, गावभर चर्चा आहे. लोक म्हणतायत, एवढ्या मोठ्या मनाचा उमेदवार आजवर पाहिला नाही!"

शुक्रवारी दहनगृहात मी मनात मतांचा हिशेब करत वाजवत होते. शेवटच्या कडव्यात दोन सूर घसरले. हे तरी पसरेल अशी आशा होती. पसरलंच. पण गावात असं आलं, की वाजवताना बाईंना स्वतःलाच रडू फुटलं.

रात्री झोप येत नव्हती. पोस्टमन दाराच्या फटीतून काही सरकवायचा तेव्हा मी जिन्यावरच थांबायचे. एकदा दार हललं आणि फटीतून लाकडाचं काहीतरी आत आलं. मी भिंतीला टेकले. तो डेस्मंडचा कालथा होता. कुत्रं बोटाला चावू नये म्हणून आमच्याकडे पत्रकं कालथ्याने सरकवतात. पत्रकावर माझा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: तुमच्या कठीण प्रसंगी नेहमी सोबत.

"पत्रकं नाहीत म्हणाला होतास!" मी फटीतून ओरडले.

"वारं आपल्या बाजूने वाहतंय, फिलिपा!" बाहेरून आवाज आला. दंतवैद्याचा सूर गेला होता. आता तो खराखुरा खूश होता, आणि मला अधिकच भीती वाटली.

मतदानाच्या गुरुवारी मी स्काउटांच्या सभागृहातल्या मतदान केंद्रात गेले, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलली आणि रेक्स माल्टबीच्या नावापुढे एवढ्या जोरात फुली मारली की टोक मोडलं. नवीन पेन्सिल मागताना बाहेर रांग लागलेली दिसली. हॅडलथॉर्पमध्ये मतदानाला रांग लागत नाही. रांगेतले पाच जण माझ्या ओळखीचे होते. पाचही जणांना मी आरशात रडताना पाहिलं होतं.

मोजणी शुक्रवारी सकाळी, क्रीडा केंद्रात; दहनगृहातून मी रजा घेतली होती. बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडली होती आणि शेजारच्या पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनचा वास येत होता. मतपत्रिकांचे गठ्ठे वाढत होते. माझा गठ्ठा रेक्सच्या गठ्ठ्याइतका उंच झाला, तेव्हा कपातला चहा माझ्या मनगटावर सांडला आणि मला भाजलंसुद्धा नाही.

रेक्स माझ्याकडे आला. सहा फूट उंच, कोटाला त्याच्या पक्षाचं निळ्या फितीचं फूल.

"मिसेस स्केल्टन, तुम्ही दहनगृहात वाजवता ना?"

"हो... म्हणजे, कधीमधी."

"नोव्हेंबरात माझ्या भावाच्या वेळी तुम्हीच होतात. आत्ता तुम्हाला पाठमोरं पाहिलं आणि लक्षात आलं." त्याने चहा ढवळला. "कौन्सिलचंच ना ते?"

"इमारत... तशी कौन्सिलची आहे."

"हं. छान वाजवलंत."

एवढं बोलून तो सरळ निवडणूक अधिकारी जेनिस डाउज यांच्या टेबलाकडे गेला. तो त्यांच्या कानाशी वाकला. दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जेनिसबाईंनी दारातल्या माणसाला बोट दाखवून काही सांगितलं आणि तो माणूस माझ्या दिशेने चालत येऊ लागला. मी पर्स छातीशी धरली. ॲलनचे कपडे अजून कपाटात आहेत, मांजराला कोण सांभाळेल, असलं काहीतरी डोक्यात येत होतं.

त्या माणसाने खुर्ची आणली होती. "माल्टबीसाहेब म्हणाले, तुम्हाला चक्कर येणार असं दिसतंय."

मी बसले. उठणं शक्यच नव्हतं, पण उठावं लागलं, कारण एक शंकास्पद मतपत्रिका निघाली होती. तिच्यावर फुली नव्हती. माझ्या नावापुढच्या चौकोनात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आईसाठी आभार. ती सोडून रेक्सला सहाशे अकरा मतं होती आणि मला सहाशे दहा.

"बाद करा!" मी म्हणाले. "हे मत नाही, हे आभाराचं पत्र आहे."

डेस्मंडने माझ्या पायावर पाय दिला.

"कायद्यात फुली सांगितलीय," मी पाय काढून घेत म्हटलं. "उद्या कोणी किराण्याची यादी लिहील, तीही मोजाल का?"

जेनिसबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत असा उमेदवार त्यांनी पाहिला नसावा. "माल्टबीसाहेब, तुमचं काय म्हणणं?"

रेक्सने पत्रिका हातात न घेता, वाकून वाचली. वाचून झाल्यावरही तो थोडा वेळ वाकलेलाच होता. "हेतू स्पष्ट आहे," तो म्हणाला. "मत बाईंचंच."

सहाशे अकरा, सहाशे अकरा. पुन्हा मोजली, तेवढीच. अशा वेळी अधिकारी चिठ्ठी काढतात. चिठ्ठ्या टाकायला काही सापडेना, म्हणून तलावावर हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतून पोहण्याची एक पिवळी टोपी आणली. जेनिसबाईंनी तोंड दुसरीकडे वळवून तिच्यात हात घातला. मी देवाकडे माझ्या पराभवासाठी प्रार्थना केली. एवढी मनापासून प्रार्थना मी ॲलनच्या आजारपणातही केली नव्हती.

"स्केल्टन, फिलिपा."

डेस्मंडने आरोळी ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा सूर लागला होता.

"हमी दिली होतीस तू," मी म्हणाले.

रेक्सने माझा हात हातात घेतला. "मी स्वतःचं मत नेहमी समोरच्या उमेदवाराला देतो. सभ्यपणा म्हणून. सत्तावीस वर्षांत कधी अंगाशी आलं नव्हतं."

"मीही तुम्हालाच दिलं," मी म्हटलं. त्याला तो विनोद वाटला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जेनिसबाई कपडे बदलण्याच्या खोल्यांकडच्या बोळात कागद लावत होत्या. मी तिथे जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं: मंगळवार, शुक्रवार, अठरा वर्षं, पगार, अर्ज, पीठ. सांगून झाल्यावर दोन्ही हात पुढे केले. का केले मला माहीत नाही. बेड्यांसाठी असावेत.

त्यांनी लॅपटॉप उघडला. बोटं चालली. दातांवर जीभ फिरवत त्या वाचत राहिल्या. पलीकडे कोणीतरी तलावात उडी मारली.

"दहनगृह एक एप्रिलपासून एका कंपनीकडे गेलंय," त्या म्हणाल्या. "कर्मचारीही गेले. सही कधी केलीत?"

"दोन तारखेला. बुधवारी."

"मग मंगळवारपासून तुम्ही आमच्या नाहीतच. कळवलं होतं तुम्हाला. पत्र पाठवलंय." त्यांनी लॅपटॉप मिटला. "अभिनंदन. आता ते हात खाली घ्या."

पत्र घरीच होतं. पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, न उघडलेला लिफाफा, ज्याच्या पाठीवर मी स्कोनचं प्रमाण लिहून ठेवलं होतं. डेस्मंडने दार वाजवलं तेव्हा मी त्या लिफाफ्यापासून हातभर अंतरावर पीठ मळत होते. त्या रात्री मी अकरा तास झोपले.

मेच्या अखेरीस कौन्सिलची पहिली सभा झाली. चौदाव्या क्रमांकावर विषय होता: दहनगृहातील संगीत यापुढे संगणकावरून वाजवण्याची कंपनीची विनंती मान्य करून कौन्सिलच्या मालकीचा ऑर्गन विकणे. मी उठले. बोलण्याचे मुद्दे लिहून नेले होते, दोन पानं. अध्यक्षांनी अदबीने थांबवलं. सदस्याचा या विषयाशी वैयक्तिक संबंध असल्याने त्यांनी बाहेर थांबावं, असा नियम आहे, ते म्हणाले.

मी बाहेरच्या बाकावर बसले. ठराव चार मिनिटांत एकमताने मंजूर झाला.