शेवटची सरळ टीप

मी पायाने चालवायची शिलाई मशीन बोलतेय. घाबरू नका, जवळ या. सुई काढून घेतलीय माझी. टोचायला आता जीभ तेवढी उरलीय.

माझा जन्म कारखान्यातला. अंगाला काळा रंग, त्यावर सोनेरी वेल, खाली जाळीदार लोखंडी पाय. दिसायला मी झकास होते आणि ते मला ठाऊकही होतं. तिथेच सगळा घोटाळा झाला. शिक्षण म्हणाल तर शून्य. शाळेचे गणवेश हजारांनी शिवले, पण शाळेचं तोंड पाहिलं नाही.

ज्या बाईने मला घरी आणलं, तिचा नवरा नुकताच गेला होता आणि कडेवर वर्षाचा मुलगा होता. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. पहिल्याच दिवशी मी तिच्या बोटात सुई घातली. ओळख करून घ्यायची माझी ती पद्धत. तिने बोट चोखलं आणि म्हणाली, "झालं समाधान? चल आता."

तेव्हापासून आमचं जमलं. म्हणजे खोड्या मी काढायच्या, सोसायच्या तिने. घाईचं काम आलं की मी दोरा तोडायचे. एखादी शेजारीण हौसेने पायडलवर पाय ठेवायची, की मी चाक उलटं फिरवून दोऱ्याचा गुंता करायचे. मावशी तेवढी शहाणी. आधी हाताने चाक आपल्याकडे जरासं ओढायची, मग पाय हलवायची. तिचा मुलगा रांगत खाली यायचा, त्याचंही बोट एकदा पट्ट्यात धरलं. तो व्रण अजून आहे त्याच्या बोटावर. त्या घरात माझी सही म्हणून तेवढीच उरली.

मुलगा शिकला, मोठ्या हुद्द्यावर गेला. आई लोकांचे कपडे शिवते हे चारचौघांत सांगायची त्याला लाज वाटू लागली. माझी रवानगी गॅलरीत झाली, डोक्यावर कोरफडीची कुंडी. बारा वर्षं! पाणी कुंडीला आणि गंज मला. मावशी रोज फडक्याने मला पुसायची. मी मनात म्हणायचे, पुसतेस कशाला, कुंडी उचल की. तिच्याने ती उचलवत नव्हती हे कळत होतं मला. पण राग धरायला मला एवढं कारण पुरायचं.

मग एक दिवस मुलाने मिस्त्री आणला. आईला सांगितलं, तुझ्यासाठीच दुरुस्त करून घेतोय. ती चहा टाकायला आत गेल्यावर खरं काय ते बोलणं झालं. एका कपड्याच्या दुकानदाराला शोभेला जुनी मशीन हवी होती. पण चालती हवी, मेलेलं लोखंड नको, अशी त्याची अट. आणि मुलाला गॅलरी मोकळी हवी होती.

मिस्त्रीने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मला उघडलं. रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश, पॉलिश पेपर. आतून गणवेशांच्या निळ्या धाग्यांचा दाबून बसलेला चोथा निघाला, अगदी उशी भरावी एवढा. गंज गेला, नवा पट्टा आला. मग गड्याला जोर चढला आणि त्याने माझी अर्धी सोनेरी वेलच घासून काढली. मुलाला म्हणाला, ती आधीच गेलेली होती.

आणि एवढं करून टीप काही पडेना. त्याने पुन्हा तेल घातलं, स्प्रिंग बदलली, माझ्या सात पिढ्या काढल्या. कारण एवढंसं होतं. सुईची एक बाजू सपाट असते. ती माझ्यात आतल्या अंगाला लागते, याने बाहेर ठेवली होती. मी दोन दिवस मजा बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुकानदार दारात. मुलाचा चेहरा उतरला. तो आत गेला आणि लाडात येऊन म्हणाला, "आई, तुझ्याशिवाय हिला कोणी वळण लावणार नाही. हे ओळखीचे आहेत, तुझं काम बघायला आलेत."

बारा वर्षांत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. ती दोनदा हात धुऊन आली. सुईवरून बोट फिरवलं, काढली, वळवून परत लावली. मिस्त्री उगाच डब्यात काहीतरी शोधायला लागला.

आता नीट ऐका. मी एकदा दोरा तोडला असता तरी पुरे होतं. दुकानदार गेला असता आणि मी तिच्याजवळ राहिले असते, गॅलरीत का होईना. जन्मभर विनाकारण खोड्या काढल्या, ही एक कारणाने काढायची होती. पण पुन्हा त्या कुंडीखाली जायचं? त्यात दुकानदार म्हणाला, काय देखणी आहे हो. झालं, मी पाघळले.

तिने चाक आपल्याकडे ओढलं आणि मी धावले. वीतभर कापड, टीप मुंग्यांच्या रांगेसारखी. ती माझ्यावर वाकून हळूच म्हणाली, "विसरली नाहीस गं. उद्यापासून बसू या."

दुकानदाराच्या माणसांनी मला उचललं तेव्हा तिने चाक धरून ठेवलं होतं. "कुठे नेताय रे हिला?"

"वेल परत रंगवायला, आई. येईल आठवड्यात."

तिने लगेच हात सोडला. वर त्या माणसांना सांगितलं, जिन्यात जपून.

आता मी काचेत उभी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने फिरवू नये म्हणून पट्टाही काढलाय. मिस्त्री अधूनमधून दुकानात येतो आणि हसत हसत बातम्या देतो. मावशी म्हणे बसल्या जागी दोन्ही पाय खालीवर करायची. मुलाला वाटलं आजार, डॉक्टरकडे नेलं, गोळी सुरू केली. गोळी चांगली लागू पडली म्हणे. आता पाय हलत नाहीत.

तुम्ही भले दिसता, एक काम करा. तिचं ते वीतभर कापड अजून इथे दाबून ठेवलंय, शोभेला. कोणाचं लक्ष नसताना ओढून घ्या आणि मागच्या गल्लीत, कोरफडीची कुंडी असलेल्या घरी नेऊन द्या. तिला म्हणावं, ही टीप उसव. जन्मात तुला एवढी सरळ दिली नव्हती, आणि हीच वाकडी द्यायला हवी होती.